स्पॅनिशमधील अनेकवचनी संक्षेप आणि दुहेरी अक्षरे

अमेरिकेसाठी स्पॅनिशमध्ये ‘ईई. यूयू.’ असे लिहितात ही छपाईची चूक आहे का, या प्रश्नाबद्दल थोडे सांगतो. ती चूक नाही. ‘एस्तादोस उनिदोस’ (संयुक्त संस्थाने) या स्पॅनिश नावातील दोन्ही पदे अनेकवचनी असल्यामुळे प्रत्येकाचे आद्याक्षर दोनदा लिहून प्रत्येक जोडीनंतर पूर्णविराम देतात. ऑलिंपिक खेळांचे, म्हणजे ‘हुएगोस ओलिंपिकोस’चे, ‘जेजे. ओओ.’ होते तेही असेच (स्पॅनिशमध्ये ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘ह’सारखा होतो). ही रीत लॅटिनमध्येही होती: रोमन नाण्यांवर एका सम्राटासाठी ‘एव्हीजी’ (‘ऑगस्टस’ या पदवीचा संक्षेप), दोघांसाठी ‘एव्हीजीजी’ आणि तिघांसाठी तीन ‘जी’ आढळतात, आणि अक्षरांनीच माणसे मोजण्याची ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

मात्र द्विरुक्ती होते ती एकाच अक्षरापर्यंत आखडलेल्या पदाची. पृष्ठासाठी ‘पी.’ लिहिल्यास अनेकवचन ‘पीपी.’ होते, ‘पाग.’ लिहिल्यास शेवटी फक्त ‘एस’ जोडतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ‘ओएनयू’मध्ये राष्ट्रे अनेक असूनही ‘एन’ एकच राहतो, कारण तो संक्षेप ‘ओनू’ असा स्वतंत्र शब्दासारखा वाचला जातो, तर ‘ईई. यूयू.’ मोठ्याने वाचताना पूर्ण नावच उच्चारायचे असते.