मदत हवी आहे: ओपनर नाही, आमरसाचा डबा कसा उघडू?

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीत राहते. उद्या सासऱ्यांची तिथी आहे. त्यांना आमरस जीव की प्राण, त्यामुळे पानात आमरस हवाच अशी सासूबाईंची इच्छा. भाद्रपदात ताजा आंबा कुठला मिळायला? म्हणून हापूसच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा आणलाय. त्याला ओढायची कडी नाही आणि घरात ओपनर नाही. रात्रीचे अकरा वाजलेत. सकाळी दुकानं उघडेपर्यंत थांबले तर कागवासाला उशीर होईल.

घरात विळी, हातोडी, खिळे, स्क्रू ड्रायव्हर आहेत. सासूबाई म्हणतात विळीच्या टोकानं फोड, पण मला धीर होत नाही. शिवाय पत्र्याचा कीस रसात गेलेला अजिबात चालणार नाही. कुणी घरी असं केलंय का?

पंचगंगाकाठ
ताई, विळी नको. पत्र्यावरून पातं सटकलं की थेट तळहातात. मागच्या दारी धुण्याचा दगड असेल ना, खडबडीत? डबा त्यावर पालथा धरा आणि दाबून गोल गोल घासा. झाकणाची कड डब्याच्या कडेवर दुमडून दाबलेली असते, सगळी पकड त्या दुमडीचीच. ती वरून झिजली की झाकण सुटतं. दगडावर ओल दिसली की लगेच थांबा, नाहीतर रस सांडेल. मसाल्याचा पाटा मात्र वापरू नका, धातूची पूड त्याच्या टाक्यांत बसते.

रंकाळावेस
आधी डबा नीट बघा. झाकण किंवा बूड फुगलं असेल तर आत जंतूंनी वायू केलेला असू शकतो. तसा डबा चाखूनसुद्धा बघायचा नाही, टाकून द्यायचा.

धागाकर्ती
डबा फुगलेला नाही, दोन्हीकडून सपाट आहे. धुण्याचा दगडही आहे. पण काका, घासल्यावर कडेला पूड राहणार, ती आत नाही का जायची?

पंचगंगाकाठ
जाते, म्हणून घाई करायची नाही. ओल दिसली की डबा सुलटा करा, झाकण न हलवता ओल्या फडक्यानं कड दोन-तीनदा पुसा, फडकं दर वेळी धुवून घ्या. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक कडेखाली घालून झाकण हळूच उचला. कड धारदार होते, हातात जाड कापड असू द्या. रस नंतर बारीक गाळणीतून काढा, म्हणजे शंका नको.

गंगावेसवाली
दगड जमला नाही तर खिळा आणि हातोडी. झाकणावर समोरासमोर दोन भोकं पाडा, एकातून हवा आत गेल्याशिवाय दुसऱ्यातून रस येत नाही. हापूसचा रस दाट, म्हणून भोकं मोठी हवीत. डब्याचं पेटंट इंग्लंडात १८१० साली निघालं आणि ओपनरचं अमेरिकेत १८५८ साली. मधली इतकी वर्षं लोक छिन्नी-हातोडीच चालवत होते. तरी तुम्हाला रसात पत्र्याचा कीस नको आहे, तेव्हा मी आधी दगडच सांगेन.

धागाकर्ती
उघडला! दगडावर पाच-सात मिनिटांत कड सुटली. पुसून, गाळून घेतला, रंग-वास अगदी छान आहे. सासूबाईंना दाखवला, त्यांचे डोळे भरून आले. सगळ्यांचे मनापासून आभार.

रंकाळावेस
फार बरं वाटलं ताई. उरलेला रस डब्यात ठेवू नका. उघड्या डब्यात आंबट रसानं कथिल सुटतं आणि चव बिघडते. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा.