सीपीके १.७२ पण पीपीके ०.९४ यायलंय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, मी वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला आहे. सीएनसी मशीनवर शाफ्टची ओडी (बाहेरचा व्यास) टर्निंग करायलोत, २५.०० प्लस मायनस ०.०२ मिमी. पाच-पाच पीसचे २५ सबग्रुप, म्हणजे १२५ रीडिंग मायक्रोमीटरनं घेऊन मिनीटॅब सॉफ्टवेअरमध्ये टाकले तर सीपीके १.७२ अन् पीपीके ०.९४. (दोन्ही आकडे प्रोसेस टॉलरन्समध्ये किती नीट बसते ते सांगतात; सीपीके सबग्रुपच्या आतल्या फरकावरून, पीपीके सगळ्या रीडिंगच्या फरकावरून.) इतका फरक बघून रात्रभर डोक्यात तेच.

एक्स बार चार्टवर (सबग्रुपची सरासरी) लाइन हळूहळू वर चढत जाते अन् इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदललं की धपकन खाली येते, आर चार्ट (सबग्रुपमधल्या मोठ्या-लहान रीडिंगचा फरक) मात्र एकदम शांत. म्हणजे सबग्रुपच्या आतला सिग्मा (रीडिंगचा पसारा) बारीक, पण इन्सर्ट झिजल्यानं ओव्हरऑल पसरलंय, असं मला वाटतंय. नॉर्मलिटीचा पी व्हॅल्यू पण ०.००५ च्या खाली आहे, म्हणजे डेटा नॉर्मल नाही, एक जण म्हणला बॉक्स कॉक्स मार (डेटा नॉर्मलसारखा करायचं गणित), पण ट्रेंड असताना ते करणं मला तरी पटत नाही.

कस्टमरला पीपॅपमध्ये (पार्ट मंजुरीच्या कागदपत्रांत) १.६७ पाहिजे. नुसता सीपीके दाखवणं मनाला पटत नाही हो, खराब पीस तर आपलेच जाणार ना. आधी ऑफसेट (झीज भरून काढायला मशीनवर टूलची जागा सुधारणं) किती पीसला द्यायचा ते बसवून मग परत स्टडी करू का? टूल वेअर असलेल्या प्रोसेसची कॅपेबिलिटी तुम्ही कशी काढता, कुणी केलं असंल तर नीट सांगा, सोमवारी रिपोर्ट द्यायचाय.