कंपनीतलं फायनान्स सोडून विद्यापीठात अकाउंटिंग शिकवणं: नुसता अनुभव पुरतो का?

ताळेबंद:
चौदा वर्षं कंपनीच्या फायनान्स विभागात काढली. गेल्या वर्षापासून विद्यापीठात अकाउंटिंग शिकवतोय. माझं मत असं की या विषयाला काम केलेली माणसं हवीत, आणि पीएचडी नाही म्हणून त्यांना दारातच अडवू नये. भाडेकरार हिशेबात कसे दाखवायचे याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएफआरएस १६, २०१९ पासून लागू झालं. पुस्तकात ते एक गणित आहे. आमचे पहिले कित्येक आठवडे मात्र करार शोधण्यातच गेले. मग वाद: मुदतवाढ धरायची का, व्याजदर कोणता लावायचा? हे तिथं बसलेल्यानंच शिकवावं.

खडूफळा:
पूर्ण असहमत. बावीस वर्षं शिकवतेय. कंपनीतून आलेल्यांच्या पहिल्या दोन तासांना मुलं भारावून जातात. सहाव्या तासाला किस्से संपतात आणि तेरीज (सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिटचा ताळा) न जुळणारा मुलगा होता तिथेच असतो. तुमच्या हातात नोंद बसलेली असते, पण ती तशीच का, हे उलगडून सांगणं हे वेगळं काम आहे. पीएचडीला दारावरचा पहारेकरी समजू नका. एका कंपनीत दिसलं ते सगळीकडे खरं आहे का, हे तपासायची सवय संशोधनातूनच लागते.

रोजकीर्द:
ताई, वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिफोन कंपनीचंच बघा. दुसऱ्या कंपन्यांच्या लाइन वापरण्याचा खर्च त्यांनी मालमत्ता म्हणून दाखवला. २००२ मध्ये कबूल केलेला पहिलाच आकडा ३.८ अब्ज डॉलरचा होता. खर्च कुठला आणि मालमत्ता कुठली, हे पहिल्या वर्षीच शिकवतात. त्या नोंदी करणाऱ्यांना ते नक्की येत होतं. तिमाहीचा आकडा कमी पडतोय आणि वरिष्ठ टेबलाशी येऊन उभे आहेत, तेव्हा ‘नाही’ कसं म्हणायचं? ज्यानं ते म्हटलंय, त्याच्याकडूनच मला ऐकायला आवडलं असतं.

घसारा:
पगाराचं कोणीच बोलत नाही. माझा निम्म्यावर आला. घरच्यांशी आधी बोलून घ्या.

ताळेबंद:
खडूफळाताई, तुमचा मुद्दा मला लागला, कारण तो माझ्यावर गुदरलाय. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलीनं मोबाइल पुढे केला. ‘सर, बँकेचा मेसेज बघा. पैसे गेले की डेबिट म्हणतात. तुम्ही तर रोख आली की डेबिट म्हणता!’ उत्तर मला माहीत होतं, तरी मी फळ्यासमोर अडखळलो. तो मेसेज बँकेच्या वहीतला आहे. आपली ठेव ही बँकेची देणी, ती कमी झाली म्हणून डेबिट. पुढच्या तासाला दोन वह्या शेजारी शेजारी काढल्या, एक तिची आणि एक बँकेची, तेव्हा वर्गाला उमगलं. चौदा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. तरीही मुलांसमोर नुसते भाडेकरार ठेवून ‘आता मुदत तुम्ही ठरवा’ म्हणायचं धाडस मला त्या नोकरीनंच दिलं.

खडूफळा:
दोन वह्यांचा तास आवडला. पण बघा, तो तुम्हाला वर्गानं शिकवला, कंपनीनं नाही. बिझनेस स्कूलांना मान्यता देणारी एएसीएसबीसुद्धा अनुभवावर आलेल्या शिक्षकांचा गट वेगळा मानते आणि व्यवसायाशी संबंध ताजा ठेवा म्हणते. माझी अट आणखी एक: पहिलं सत्र त्यांनी एकट्यानं शिकवू नये. जुन्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसावं आणि शंभर उत्तरपत्रिका स्वतः तपासाव्यात. मुलं नेमकी कुठे चुकतात, ते तिथे दिसतं.

ताळेबंद:
उत्तरपत्रिकांचं मान्य. एकट्यानं शिकवू नये, हे मात्र अजून पटत नाही.