अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या मध्यम आकाराच्या शहरांत राहताना : तुमचे अनुभव लिहा

माझ्या भाचीला डि मॉइनमधल्या एका विमा कंपनीत नोकरी चालून आली आहे आणि घरात सगळ्यांचा एकच प्रश्न : "तिथे आहे काय?" न्यू जर्सी, बे एरिया, डॅलस यांच्याबद्दल आपल्याकडे कुणालाही विचारा, तासभर बोलेल. आयोवा, इंडियाना, विस्कॉन्सिनमधल्या लाख-दोन लाख वस्तीच्या शहरांबद्दल मात्र कुणाला फारसं माहीत नसतं. जे तिथे राहिलेत किंवा राहून निघालेत त्यांनी जरूर लिहा. चांगलं लिहा, त्रासाचंही लिहा. सुरुवात मी करते.

डि मॉइन, आयोवा
मी इथे लग्न होऊन आले आणि आता हेच माझं गाव आहे. कुठूनही कुठे जायला वीस मिनिटं पुरतात, त्यामुळे संध्याकाळ आपल्या हातात राहते. डाउनटाउनच्या इमारती काचेच्या स्कायवॉकने एकमेकींना जोडलेल्या आहेत, सगळे मिळून सुमारे ४ मैल. जानेवारीत खाली रस्त्यावर बर्फ असतो आणि वर माणसं साध्या सदऱ्यात जेवायला निघालेली असतात. मे ते ऑक्टोबर दर शनिवारी शेतकरी बाजार भरतो. ऑगस्टमधली राज्याची जत्रा चुकवू नका. लोण्याची अख्खी गाय तिथे १९११ पासून घडवली जाते, आणि निवडणुकीच्या आधीच्या वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार त्याच गर्दीत हिंडत असतात. मला मतदानाचा हक्क नाही, तरी मी त्यांची भाषणं उभं राहून ऐकली आहेत.

मॅडिसन, विस्कॉन्सिन
मी एकटा, नोकरीतली पहिलीच वर्षं. मेंडोटा आणि मोनोना या दोन तलावांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे शहर आहे. उन्हाळ्यात सायकलवर सगळं उरकतं. हिवाळ्यात तलाव गोठतात आणि लोक बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. १५ नोव्हेंबर ते १५ मार्च रात्री गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला लावायची ते तारखेप्रमाणे बदलतं, सम-विषम. नव्या माणसाने हे पहिल्या दिवशी शिकावं, दंड होतो. भाडी मात्र स्वस्त समजू नका. विद्यापीठामुळे घरं मिळणं अवघड आहे.

पिओरिया, इलिनॉय
मी दुसरी बाजू लिहिते. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या नवऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आले तेव्हा कामाची परवानगी नव्हती आणि गाडी एकच, ती नवऱ्याकडे. बस अशी की तासभर थांबावं. नोव्हेंबर ते मार्च मी खिडकीतून पार्किंग बघत काढले आहेत. बी.एड. झालेली बाई मी, पुण्यात वर्गावर उभी राहायचे. ज्यांची बायको किंवा नवरा सोबत येणार आहे त्यांनी आधी दुसऱ्या गाडीचा हिशोब करा, घराचा नंतर.

आणखी एक. अशा शहरात मोठे मालक एक-दोनच असतात. कॅटरपिलरसारखी अवजड यंत्रं बनवणारी कंपनी, जिच्या नावाने हे शहर ओळखलं जायचं, तिने २०१७ मध्ये मुख्यालय हलवायचं जाहीर केलं. माझ्या नवऱ्याची नोकरी दुसऱ्या कंपनीतली, तीही गेली. आणि व्हिसावरच्या माणसाला साठ दिवसांत दुसरी शोधायची असते. मोठ्या शहरात तेवढ्यात चार मुलाखती होतात. इथे राज्यच सोडावं लागलं.

कोलंबस, इंडियाना
मध्यम नव्हे, हे लहानच म्हणा, पन्नास हजारांच्या आसपास वस्ती. पण इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथे आणि कंपनीचं पुण्याशी जुनं नातं, त्यामुळे किराणा घेताना मागून "अगं, ऐक ना" ऐकू येतं. या एवढ्याशा गावात एरो सारिनेन या नामवंत वास्तुविशारदाचं चर्च आहे आणि तेवढ्याच नावाजलेल्या आय. एम. पेईने बांधलेलं ग्रंथालय आहे. माझी मुलगी त्या ग्रंथालयात वाचायला शिकली. कितीही मोठ्या शहरात मला हे मिळालं नसतं.

सीडर रॅपिड्स, आयोवा
१० ऑगस्ट २०२० बद्दल लिहायलाच हवं. दुपारी आकाश हिरवट-काळं झालं, भोंगे वाजले, आम्ही तळघरात गेलो. टॉर्नेडो मिनिटांत निघून जातो असं ऐकलं होतं. हे थांबेचना. त्याला डेरेचो म्हणतात हे नंतर कळलं. सरळ रेषेत घोंगावत येणारं वादळ, वाऱ्याचा अंदाज ताशी १४० मैलांपर्यंतचा. वर आलो तेव्हा आमच्या गल्लीतला रस्ता दिसत नव्हता, नुसती झाडं पडलेली. शहरातली निम्म्याहून जास्त झाडोऱ्याची सावली त्या एका दुपारी गेली. बाहेर मैलोन् मैल मक्याची शेतं आडवी.

वीज कित्येक दिवस नव्हती. ज्यांच्याशी हात हलवण्यापलीकडे ओळख नव्हती ते समोरचे आजोबा करवत घेऊन आले आणि न विचारता आमच्या दारातला ओक कापायला लागले. फ्रीजमधलं सगळं वितळत होतं, म्हणून बायकोने गॅसच्या शेगडीवर अंगणातच पुलाव केला, मोठ्या पातेल्यात, आणि अख्खी गल्ली पेपर प्लेट घेऊन उभी. त्या आठवड्यापासून आम्ही एकमेकांच्या घराच्या किल्ल्या ठेवतो. पिओरियाच्या ताईंचं म्हणणं खरं आहे, इथे सुरुवातीला एकटेपणा खातो. इथली माणसं हसून बोलतात पण घरात बोलवायला वेळ घेतात. मात्र एकदा बोलावलं की धरून ठेवतात.

ओमाहा, नेब्रास्का
गणपती शाळेच्या कॅन्टीनमध्ये बसतो, शनिवार-रविवार बघून. वीसेक घरं, प्रत्येकाला काम असतं. मोठ्या मंडळात मी प्रेक्षक होते, इथे ढोल माझ्या गळ्यात आहे.

पुन्हा सीडर रॅपिड्स
मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जुलैत इथली चौदा-पंधरा वर्षांची पोरं बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडायला जातात. माझा मुलगाही गेला. पहाटे बस, दवाने भिजलेली पानं, हातावर ओरखडे, दुपारी ऊन. स्वतःच्या पैशाने त्याने सायकल घेतली. त्याचे आजोबा विदर्भातले शेतकरी. व्हिडिओ कॉलवर त्यांनी त्याला तासभर बियाणं, ओळींतलं अंतर, जमीन कशी आहे, सगळं विचारलं. इतकं ते दोघं आधी कधी बोलले नव्हते.

डि मॉइनहून, भाचीसाठी
सगळ्यांचे आभार, तिने प्रत्येक उत्तर वाचलंय. तिने विचारलंय की आई-बाबांना कधी बोलवू. माझं मत : मेच्या मध्यानंतर, तोवर रात्री दव गोठायची भीती संपते आणि अंगणात मेथी-कोथिंबीर लावता येते. ऑक्टोबर संपायच्या आत परत पाठव. इथून भारताला थेट विमान नाही, शिकागोसारख्या मोठ्या विमानतळावर बदलावं लागतं, तेव्हा तिकीट काढताना व्हीलचेअर तेव्हाच मागून ठेव आणि मधे तीन तास तरी ठेव.