त्रिकोणातला आकडा नेमकं काय सांगतो

प्लास्टिकच्या डब्यावर बाणांचा त्रिकोण असला की त्याचं रिसायकलिंग होणारच, असा समज असतो. तसं नाही. त्यातला १ ते ७ हा आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १९८८ साली ही पद्धत आली ती वर्गीकरणासाठी. १ (पेट, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि २ (एचडीपीई, म्हणजे शाम्पूच्या बाटल्यांचं जाडसर प्लास्टिक) यांना बहुतेक ठिकाणी मागणी असते. अनेक थरांची चकचकीत पाकिटं मात्र सहसा कचऱ्यातच जातात, कारण एकमेकांना चिकटलेले थर सुटे करणं परवडत नाही. म्हणून ती मुळात कमी विकत घेणं हाच मला खरा उपाय वाटतो.

अॅल्युमिनियम मात्र अजिबात फेकू नका! ते वितळवून पुन्हा वापरलं तर खनिजापासून नवा धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. कागद कोरडा ठेवा, तेलकट झालेला वेगळा काढा.

व्यवसायांनी रंगीत कचरापेट्या मांडण्याआधी खरेदीची यादी तपासावी. पुरवठादाराकडे परत नेता येणारे क्रेट मागा. प्रिंटर घेताना कार्ट्रिज पुन्हा भरता येतं का, सुटे भाग मिळतात का, हे किमतीच्याही आधी विचारा.