मस्कतमध्ये पेशंटला 'कधीपासून' कसं विचारायचं? मदत हवी आहे

मी मस्कतला नर्स आहे, अरबी वाचता येते. 'कम अस्साआ?' (किती वाजले?) जमतं. पुस्तकात तीनला 'अस्सालिसा', बोलताना साधं 'सलासा'. तीन पस्तीसला 'सलासा व नुस्स व खम्सा', म्हणजे साडेतीन आणि पाच. हेही कानात बसलंय.

अडतं ते दुखण्याची वेळ विचारताना. 'मुन्धु मता' (कधीपासून) फार पुस्तकी वाटतं, खेड्यातून आलेल्या आजींना पटकन उमगत नाही. ॲपवर इजिप्शियन 'एम्ता' (कधी) मिळालं, पण मला ओमानी बोलीच हवी. रात्रपाळीला दुभाषा नसतो आणि औषधाची वेळ चुकून चालत नाही.

'कधीपासून दुखतंय?' आणि 'शेवटची गोळी किती वाजता घेतली?' हे बाईला आणि पुरुषाला, दोघांना आदराने कसं विचारायचं? उच्चार देवनागरीत लिहाल का?