अनुभव धागा : बंदिशाळेतल्यांसाठी उभं राहताना

झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी गेले तेव्हा 84 वर्षांचे होते, आणि विचाराधीन कैदीच होते. खटल्याविना तुरुंगात खितपत पडलेल्या झारखंडच्या आदिवासी तरुणांसाठी त्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली होती. पुढे ते स्वतःच नवी मुंबईजवळच्या तळोजा तुरुंगात असताना, कंपवातामुळे हातात पेला धरवेना म्हणून नळी आणि सिपर मिळावा यासाठी त्यांनाच न्यायालयात अर्ज करावा लागला. बायबलातल्या मत्तयाच्या 25व्या अध्यायावर (‘मी तुरुंगात होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात’) प्रवचनं पुष्कळ होतात. त्या कामातले बारकावे मात्र कुणी सांगत नाही. तुरुंग सेवेतल्यांनी आणि वकिलांनी लिहावं. आपली कहाणी नको, उद्या दुसऱ्याच्या हाती उपयोगी पडेल ते सांगा.

तुरुंग सेवा, ठाणे
पहिल्या भेटीत चार गोष्टी लिहून घ्या : गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं आणि पहिल्या रिमांडची (न्यायालयाने कोठडीत पाठवल्याची) तारीख. सीएनआर क्रमांक (खटल्याचा 16 अक्षरी ओळख क्रमांक) मिळाला तर न्यायालयांच्या ई-कोर्ट संकेतस्थळावर पुढची तारीख घरबसल्या दिसते. बऱ्याच कैद्यांना आपला वकील कोण हेच ठाऊक नसतं. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा आणि पोच घ्यायचीच.

फौजदारी वकील
सगळ्यात जास्त नुकसान दिवस मोजण्यात होतं. तपास 60 दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत पुरा होऊन दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क आहे. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून; तो दिवसही धरायचा. अर्ज दोषारोपपत्राच्या आधी पडला पाहिजे. एक दिवस उशीर झाला आणि तेवढ्यात पत्र दाखल झालं, की हक्क गेला. यूएपीएत (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात) न्यायालय ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. शिवाय कलम 43ड(5) मुळे, आरोप नुसता प्रथमदर्शनी खरा वाटला तरी जामीन अडतो, म्हणून तिथे ही तारीख डोळ्यांत तेल घालून जपा.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 : पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, नाहीतर निम्मा काळ आत गेला की सुटकेचा विचार. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरीही नाही, आणि गरीब पोरांचं घोडं नेमकं इथेच अडतं.

जामिनाचं काम पाहणारी सिस्टर
जामीन झाला म्हणजे माणूस सुटला असं नाही. स्थानिक जामीनदार नाही, ऐपतीचा दाखला नाही, म्हणून लोक महिनोन्‌महिने आत राहतात. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितलं आहे : सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिना उलटला तर न्यायालय आपणहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. आदेशाची ही तारीख अर्जात लिहा.

पॅरिशमधून
विरोध घरातूनच सुरू होतो. ‘नक्षल्यांना कशाला सोडवता?’, ‘चर्चवर बालंट येईल.’ बाहेरून धर्मांतराचा आरोप. म्हणून भेटींची तारखेनिशी वही ठेवा, कायद्याच्या मदतीसोबत पत्रकं वाटू नका, धर्म न विचारता मदत करा, दोघांनी मिळून जा. देणगीदार दुखावतील म्हणून थांबणं मात्र सुवार्तेशी प्रतारणा आहे, हे सभेत उभं राहून स्पष्ट सांगावं लागतं.

तुरुंग सेवा, ठाणे
राहिलंच : सुटकेचा हुकूम संध्याकाळी कोठड्या बंद होण्याआधी तुरुंगाच्या दाराशी पोचला नाही तर आणखी एक रात्र आत. बाहेर येणाऱ्याच्या पायात चप्पल नसते, मोबाईल बंद असतो. गाडीभाडं सुट्ट्या पैशांत द्या आणि पुढची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या खिशात ठेवा. तारीख चुकली की वॉरंट निघतं.